हेमाद्री : एक नाव आणि त्याखालील ग्रंथसंभार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर, मेहकरची भग्न धर्मशाळा, सातगाव व कोथळी येथील जुनी देवालये या सर्वांना लोकव्यवहारात एकच विशेषण लावले जाते; ते म्हणजे ‘हेमाडपंती’. चुन्यावाचून, नुसते घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेली प्राचीन वास्तू दिसली, की ती हेमाडपंताने बांधली असे सांगून जिज्ञासा तेथेच थांबते. या समजुतीचा विचार वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी केलेला आहे. परंतु जो प्रश्न या दगडांसंबंधी उपस्थित होतो, तोच प्रश्न याच नावाखाली नोंदविल्या जाणाऱ्या ग्रंथांसंबंधीही उपस्थित होतो, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. धर्मशास्त्र, वैद्यक, भक्तिशास्त्र, काव्यटीका, लेखनपद्धती असे परस्परांहून दूरचे विषय एका हेमाद्रीच्या नावावर आढळतात. हे सर्व एका पुरुषाचे कर्तृत्व मानावे काय, आणि मानावयाचे तर कोणत्या अर्थाने, याचा निर्णय पुराव्यांची प्रतवारी लावल्याखेरीज होणार नाही.

हेमाद्री हा ऐतिहासिक पुरुष होता, याविषयी शंका नाही. तो वत्सगोत्री ब्राह्मण, कामदेवाचा पुत्र व वासुदेवाचा नातू. देवगिरीचा यादव राजा महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) याच्या दरबारी तो श्रीकरणाधिप होता; म्हणजे राज्याचे दप्तर व लेखनव्यवहार त्याच्या हाती होता. पुढे रामचंद्राच्या राजवटीतही त्याचे अधिकारपद कायम राहिले. शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणे येथील ताम्रपटात त्याचा गौरवपूर्वक उल्लेख आहे. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त तो ‘हेमाडपंडित’ या नावाने, पंथाचा विरोधक म्हणून दिसतो. राजलेखात स्तुती आणि पंथीय स्मृतीत रोष, अशा दोन्ही बाजूंनी त्याचे अस्तित्व सिद्ध होते.

त्याच्या नावावरील प्रमुख ग्रंथ म्हणजे ‘चतुर्वर्गचिंतामणी’. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा पाच खंडांची त्याची योजना होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७३ पासून ‘बिब्लिओथिका इंडिका’ मालेत त्याचे प्रकाशन आरंभिले. त्यात दान, व्रत व परिशेष हे खंड छापले गेले. याच आवृत्तीत प्रायश्चित्तखंडही समाविष्ट झाला आहे. मात्र मूळ पाच खंडांच्या यादीत ते नाव नाही, हे लक्षात ठेवावयास हवे. दुसरा ग्रंथ म्हणजे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका. अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. तिसरा ग्रंथ बोपदेवाच्या ‘मुक्ताफला’वरील ‘कैवल्यदीपिका’. याशिवाय श्राद्धविषयक व इतर लहान प्रकरणेही त्याच्याकडे जातात.

यांपैकी पहिल्या दोन ग्रंथांचा कर्ता एक आहे, असे मानण्यास भक्कम आधार आहे. चतुर्वर्गचिंतामणीच्या प्रकरणसमाप्तीत ग्रंथकाराला महादेवाचा ‘समस्तकरणाधीश्वर’ म्हटले आहे. आयुर्वेदरसायनाच्या आरंभी टीकाकार स्वतःस चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता व रामराजाचा अधिकारी म्हणवितो. त्यामुळे पहिला ग्रंथ १२७१ पूर्वीचा व दुसरा त्यानंतरचा, असा क्रमही निश्चित करता येतो. विषय भिन्न आहेत एवढ्याच कारणास्तव कर्ते भिन्न असले पाहिजेत, हा तर्क येथे टिकत नाही. धर्मशास्त्री, वैद्य व भक्तिशास्त्रज्ञ या भूमिका अलीकडच्या विद्याशाखांच्या वाटणीप्रमाणे त्या काळी विभक्त नव्हत्या.

तथापि कर्तृत्व एकाचे असणे आणि लेखन एकहाती असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. चतुर्वर्गचिंतामणी हा निबंधग्रंथ आहे. श्रुती, स्मृती व पुराणे यांतील वचने विषयवार वेचून, त्यांची संगती लावून तो सिद्ध झाला. एवढी वचने जमविण्यास पोथ्यांचा मोठा संग्रह, त्या वाचणारे पंडित आणि नकला करणारे लेखक लागतात. राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या मंत्र्याजवळ ही साधने होती. मात्र स्वस्थ वेळ त्याच्यापाशी कितपत असेल, याचा विचार केला पाहिजे. व्रतखंडाच्या आरंभीची यादववंशाची राजप्रशस्तीही उद्बोधक आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात तिचा उपयोग केला, तेव्हा हस्तलिखितांत तिचे दोन भिन्न पाठ आढळले. ग्रंथाच्या आरंभी हेमाद्रीची थोरवी तृतीय पुरुषात, सढळ शब्दांत वर्णिलेली आहे. पंडितमंडळाच्या साहाय्याने, मंत्र्याच्या योजनेनुसार व त्याच्या नाममुद्रेने हा ग्रंथ सिद्ध झाला, हे अनुमान म्हणूनच अधिक सयुक्तिक वाटते.

या मंडळातील एक नाव सुदैवाने टिकले आहे. बोपदेव हा वैद्य केशवाचा पुत्र व धनेशाचा शिष्य, वरदेच्या काठच्या प्रदेशातला. ‘मुग्धबोध’ व्याकरण, ‘कविकल्पद्रुम’ हा धातुपाठ, वैद्यकातील ‘शतश्लोकी’ आणि भागवतावरील ‘हरिलीला’ व ‘मुक्ताफल’ हे त्याचे ग्रंथ. यांपैकी भागवतविषयक ग्रंथ आपण मंत्री हेमाद्रीच्या संतोषार्थ रचले, असे तो सांगतो. व्याकरण, वैद्यक व भक्ती या तिन्ही क्षेत्रांत अधिकार असलेला हा पंडित ज्याच्या आश्रयास होता, त्याच मंत्र्याच्या नावावर एक वैद्यकटीका व एक भक्तिटीका असावी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. त्यावरून त्या टीका बोपदेवाच्या ठरत नाहीत. परंतु त्यांच्या भाषेची व अवतरणांची बोपदेवाच्या ग्रंथांशी तुलना झाली पाहिजे, एवढे निश्चित ठरते. पुढे या बोपदेवावरही तोच प्रसंग आला. मुक्ताफल व हरिलीला यांच्या कर्त्याने खुद्द श्रीमद्भागवतच रचले, असा प्रवाद पसरला. लहान ग्रंथाच्या कर्त्याकडे मोठा ग्रंथ ओढला गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

नामसादृश्याचा धोका यापुढचा. ‘रघुवंशा’वर हेमाद्रीची ‘दर्पण’ नावाची टीका आहे. पण हा हेमाद्री ईश्वरसूरीचा पुत्र. यादवांचा मंत्री कामदेवाचा. पित्याचे नाव नोंदले गेले नसते, तर हा ग्रंथही निःशंकपणे मंत्र्याच्या यादीत गेला असता. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद स्पष्ट केलेला आहे.

अखेरीस लोकश्रुतीचा थर येतो. मोडी लिपी हेमाडपंताने लंकेहून आणली, बाजरीचे पीक त्याने प्रचारात आणले, पत्रलेखनाचे मायने सांगणारी ‘मेस्तके’ त्याने घालून दिली, अशा समजुती रूढ आहेत. यांतील मेस्तकांचा संबंध श्रीकरणाधिपाच्या पदाशी सहज जुळतो. दप्तराच्या प्रमुखाने लेखनाचे नमुने ठरवून द्यावेत, हे स्वाभाविक आहे. लंकेच्या कथेस मात्र इतिहासात स्थान नाही. मंदिरांविषयीचा पुरावा तर उलट दिशेचा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचा लेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा, आणि वऱ्हाडातच बार्शीटाकळीच्या मंदिराचा लेख शके १०९८ (इ. स. ११७६) चा आहे. म्हणजे ही बांधणी हेमाद्रीच्या पूर्वी एक-दोन शतके प्रौढावस्थेस पोचली होती.

तेव्हा या नावाखाली तीन थर वेगळे करावे लागतात : ग्रंथांतर्गत साक्षीने सिद्ध होणारे कर्तृत्व, आश्रयातून व अधिकारपदातून आलेले कर्तृत्व, आणि पश्चात्काळाने बहाल केलेले कर्तृत्व. पहिल्या थरावरून तिसऱ्याचे समर्थन करणे जसे चूक, तसेच तिसऱ्याच्या असंभाव्यतेवरून पहिला नाकारणेही चूक होय. हा विवेक केवळ नामनिर्देशाच्या अचूकपणासाठी आवश्यक आहे असे नव्हे. लोणार-मेहकरच्या वास्तू सरसकट हेमाद्रीच्या मानल्या, तर त्या आपोआप तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जाऊन पडतात. मग त्यांच्यातील पौर्वापर्य, त्यांना देणग्या देणारे स्थानिक अधिपती व वणिक, आणि ते दगड घडविणारे पाथरवट यांचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. ग्रंथांच्या बाबतीतही पोथ्या वेचणारे अनामिक पंडित असेच दृष्टीआड होतात. मोठे नाव ज्यांना झाकून टाकते, त्यांच्या श्रमाचा माग स्तंभांच्या घडणीत व हस्तलिखितांच्या पाठभेदांत अजून शिल्लक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक ‘हेमाडपंती’ वास्तूची स्वतंत्र पाहणी आणि हेमाद्रीच्या नावावरील प्रत्येक ग्रंथाची स्वतंत्र पाठचिकित्सा ही एकाच संशोधनाची दोन अंगे आहेत.