तळटीप : ‘आर्यन वीकली’

* आर्यन वीकली – नाव इंग्रजी, पण हे छापील नियतकालिक नव्हे. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात सावरकर आणि त्यांचे सोबती चालवत ते हे हस्तलिखित साप्ताहिक. (हस्तलिखित म्हणजे छापखाना नाही, की वर्गणीदार नाहीत, अंक या खोलीतून त्या खोलीत जाणार.) मूळ मजकुरात त्याला ‘सनातनी पोरांचे पत्र’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. पूर्वजांचा अभिमान होता, पण त्याचा रोख सोवळ्याओवळ्यावर नव्हे, इंग्रजी राज्यावर होता. ही शिदोरी नाशिकची. भगूरचे सावरकर १९०२ साली पुण्यास आले, तेव्हा नाशकात तिळभांडेश्वराच्या बोळातला मित्रमेळा हा तरुणांचा गट सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. तिथे पोवाडे रचणारे कवी गोविंद होते, आणि वाचून वाद घालण्याची सवय तिथलीच. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजप्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. परांजपे स्वतः मवाळ आणि पक्के बुद्धिवादी, त्यामुळे हा तंटा जुने विरुद्ध नवे असा मांडणे फसवे आहे. – संपा.