वजन, अकारण घटणे

आहार, व्यायाम किंवा औषध यांत मुद्दाम कोणताही बदल न करता शरीराचे वजन उतरत जाणे. सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट वैद्यकात दखलपात्र मानतात. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत हे ३ किलो होतात. एवढीच घट महिन्या-दीड महिन्यात झाली, तर थांबून पाहण्यात अर्थ नाही. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ते उशिरा ध्यानात येण्यामागे राहणीचाही हात आहे. रोज लोकलला लटकून जाणारा माणूस वाळला, की प्रवास, जागरण आणि टेन्शन ही तीन कारणे आयती हाताशी असतात. चाळिशीतल्या बाईला तर ‘बारीक झालीस गं, काय करतेस?’ अशी दादच मिळते. प्रवासाने माणूस थकतो हे खरे. पण नीट जेवूनही पट्ट्याला नवे भोक पाडायची वेळ आली, तर दोष लोकलला देऊन भागत नाही. घरात काटा नसला तरी खुणा असतात: बांगडी कोपराकडे घसरते, अंगठी साबणाशिवाय निघते, कवळी हलू लागते, ब्लाऊजला आतून टीप मारावी लागते. काटा असल्यास वजन त्याच एका काट्यावर, सकाळी, काही खाण्यापूर्वी करावे. दोन काट्यांत किलोभराचा फरक सहज पडतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा भुकेविषयी असतो. भूक चांगली, किंबहुना वाढलेली, तरी खाल्लेले अंगाला लागत नाही, असे असेल तर संशय मधुमेह, थायरॉइडचा अतिस्राव किंवा आतड्यांतील अपशोषण यांवर जातो. सारखी तहान, रात्री लघवीला उठणे आणि वजन उतरणे असे एकत्र आले, की अनेकांची ‘शुगर निघते’. भूकच मेली असेल तर क्षय, कर्करोग, मूत्रपिंड वा यकृताचे आजार, एचआयव्ही आणि नैराश्य यांचा विचार करावा लागतो. मेटफॉर्मिन, सेमाग्लुटाइड यांसारख्या औषधांनीही वजन घटते. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

आपल्याकडे क्षयाचा विचार आधी करावा लागतो. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्याला मारणारे औषध यायला आणखी साठेक वर्षे लागली. आता नियमित उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजनघट असल्यास थुंकीची तपासणी करावी. सरकारी कार्यक्रमात ती आणि औषधे मोफत असतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. गोळ्यांचे प्रमाण वजनाच्या गटानुसार ठरत असल्याने इथे काटा उपचाराचाच भाग असतो.

वृद्धांची गोष्ट वेगळी. मुले परदेशी आणि ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटे आई किंवा वडील, अशा घरांत व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो. दुखणारे दात, जोडीदाराचा मृत्यू, विसरभोळेपणा, एकट्यासाठी स्वयंपाकाचा कंटाळा यांनी जेवण चहा-बिस्किटांवर येते. ‘वयच झालं’ म्हणून हे सोडून देणे चूक आहे.

तपासणी फॅमिली डॉक्टरपासून सुरू करावी. जुन्या केसपेपरवर किंवा विम्याच्या तपासणीत नोंदलेले वजन शोधून न्यावे. आठवणीतल्या वजनावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. रक्तगणना, ईएसआर, साखर, टीएसएच, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार पोटाची सोनोग्राफी हा सर्वसाधारण क्रम. जाहिरातीतल्या रक्ततपासणीच्या पॅकेजात एक्स-रे बहुधा नसतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सार्वजनिक सेवेत कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही जवळची ठिकाणे.

गिळताना अडकणे, गाठ, कावीळ, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल यांपैकी काही सोबत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. थुंकीतून वा उलटीतून रक्त, डांबरासारखी काळी शौच, धाप, किंवा तहान-लघवी वाढून उलट्या व गुंगी येणे, यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रुग्णवाहिकेसाठी १०८. लहान मुलाचे वजन घटलेच नाही, नुसते वाढायचे थांबले, तरी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.

सुमारे चौघांत एका रुग्णाचे कारण पहिल्या तपासण्यांत सापडत नाही. अशा वेळी चाचण्यांची रांग लावण्याऐवजी वजनाची नोंद ठेवून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासतात. नवे लक्षण दिसले तर त्याआधीच.