साडेतीन टक्क्यांचा कर

१/ कर बसतो तो तिजोरी भरण्यासाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १८९६ साली हिंदुस्थानातील गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसले, त्याचा मुख्य हेतू मात्र हा नव्हता. वसुली मुंबईत होई; त्याचे कारण लँकेशायरच्या मतदारसंघांत होते.

२/ १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्यांची संख्या वाढली, तशी लँकेशायरच्या कारखानदारांची अस्वस्थताही वाढली. आयात कापडावरील ५ टक्के जकात हे मुंबईकरांना मिळणारे ‘संरक्षण’ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. १८७७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ती उठवण्याच्या बाजूने ठराव केला. १८७९ मध्ये दुष्काळाचे घाव ताजे असताना आणि अफगाण युद्धाचा खर्च चालू असताना, लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या आयात कापडाला सूट दिली. १८८२ मध्ये उरलेली जकातही गेली.

३/ तत्त्व खुल्या व्यापाराचे सांगितले जाई. पण लँकेशायरच्या जागा गमावणे इंग्लंडातील कोणत्याच पक्षाला परवडणारे नव्हते, ही गोष्ट त्या तत्त्वाइतकीच महत्त्वाची होती.

४/ चांदीचा भाव घसरत गेला, तसा रुपयाही घसरला. लंडनला पौंडांत भरावयाच्या रकमेचा भार वाढून १८९४ मध्ये सरकारला जकात पुन्हा बसवणे भाग पडले. मार्चमध्ये बहुतेक आयातीवर ५ टक्के जकात बसली, आणि नेमके सुती कापड वगळले गेले! डिसेंबरमध्ये कापडाचाही समावेश झाला. पण सोबत देशी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावर तेवढेच शुल्क आले. मँचेस्टरचे समाधान तेवढ्यानेही झाले नाही. १८९६ च्या कायद्याने सूत करमुक्त झाले, आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आली आणि देशी गिरण्यांच्या सर्व कापडावर तितकेच शुल्क लागले. हातमाग तेवढा सुटला.

५/ वरवर पाहता ही समानता वाटते. परंतु मुंबईच्या गिरण्या प्रामुख्याने जाडेभरडे कापड विणीत आणि लँकेशायर तलम. दोघांची गिऱ्हाइके बव्हंशी वेगळी होती. परिणामी तलम विलायती कापड घेणाऱ्याचा कर कमी झाला, आणि पूर्वी जे जाड कापड शुल्काच्या कक्षेबाहेर होते, ते वापरणाऱ्या गरिबावर नवा कर आला. १८९६ मध्येच पुण्यात विलायती कापडावर बहिष्काराची हाक उठली आणि टिळकांनी तिला बळ दिले. बंगालची स्वदेशी चळवळ यानंतर नऊ वर्षांनी आली.

६/ पहिल्या महायुद्धात पारडे थोडे फिरले. हिंदुस्थानने १० कोटी पौंडांचा भार उचलला आणि त्यासाठी १९१७ मध्ये कापडावरील जकात साडेसात टक्के झाली. लँकेशायरने ओरड केली. पण या वेळी साम्राज्याला पैसा हवा होता. देशी शुल्क मात्र साडेतीन टक्क्यांवरच राहिले.

७/ १९२५. मंदी आणि जपानी कापडाची स्पर्धा. मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. शुल्क उठले तर कपात मागे घेऊ, असा त्यांचा पवित्रा होता. म्हणजे मालक आणि सरकार यांच्या वादात ओलीस होता कामगार. सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. पगार नाही, वाण्याची उधारी वाढलेली. अनेकांनी कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची वाट धरली. तरी संप अडीच महिने टिकला.

८/ डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने शुल्काची वसुली स्थगित केली. मालकांनी कपात मागे घेतली, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. १९२६ मध्ये तो कर कायद्याने रद्द झाला. गिरणीमालकांची तीस वर्षांची निवेदने जे करू शकली नव्हती, ते कामगारांच्या अडीच महिन्यांच्या उपासमारीनंतर घडले. आणि कामगारांच्या पदरात पडली ती फक्त जुनीच मजुरी.