पर्स्की पदच्युती (2018)
लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील सौम्य शिक्षेवरून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी न्यायाधीश ॲरन पर्स्की यांना पदावरून हटवल्याची घटना.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात जानेवारी 2015 मध्ये बेशुद्ध तरुणीवर अत्याचार झाला. मार्च 2016 मध्ये ज्यूरीने (पहा : ज्यूरी पद्धती) आरोपी विद्यार्थ्याला तिन्ही आरोपांवर दोषी ठरवले. सरकार पक्षाने 6 वर्षांची कैद मागितली. पर्स्कींनी 6 महिने दिले. त्यांतले सुमारे 3 महिनेच भोगावे लागले.

रोष निकालावर नव्हता, शिक्षेवर होता. पीडितेचे न्यायालयातील निवेदन लाखो लोकांनी वाचले. बेशुद्ध व्यक्तीवरील अशा गुन्ह्याला तुरुंगवास अनिवार्य करणारा कायदा त्याच वर्षी झाला. कठोरतेचा भार गरीब आणि कृष्णवर्णीय आरोपींवर पडेल, हा काही बचाव-वकिलांचा इशाराही रास्तच होता. पर्स्कींना हटवावे का, यावर 5 जून 2018 रोजी झालेल्या मतदानात ते हरले. कॅलिफोर्नियात 1932 नंतर प्रथमच मतदारांनी न्यायाधीशाला हटवले (पहा : मथुरा खटला).