ल्यांग आणि जिन: एका वजनाची वाटचाल

चीनच्या छांगशा शहरात 1954 मध्ये प्राचीन छू राज्याच्या काळातील एक थडगे उघडण्यात आले. त्यात लाकडी दांडीचा लहानसा तराजू आणि कड्यांच्या आकाराची नऊ कांस्य वजने सापडली. सर्वांत मोठे कडे सुमारे 125 ग्रॅमचे, म्हणजे त्या काळच्या अर्ध्या जिनाचे आहे. ल्यांग आणि जिन या वजनांच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका जुना पुरावा. रचना तेव्हाच पक्की झाली होती: 24 झूंचा एक ल्यांग, 16 ल्यांगांचा एक जिन आणि 120 जिनांचा एक शी. पुढे परदेशी व्यापाऱ्यांनी ल्यांगला टेल आणि जिनाला कॅटी म्हटले.

इ.स.पू. 221 मध्ये छिन सम्राटाने सहा राज्ये जिंकून देश एक केला आणि वजनमापेही एक केली. त्याविषयीचा राजादेश कांस्याच्या आणि लोखंडाच्या वजनांवरच कोरून ती सर्वत्र पाठवण्यात आली. तेव्हाचा जिन सुमारे 250 ग्रॅमचा होता. कायदा कडक होता. श्वेहूती येथे 1975 मध्ये मिळालेल्या बांबूपट्ट्यांवर तो वाचता येतो: एक शी वजनात 16 ल्यांग किंवा त्याहून अधिक चूक आढळली, तर अधिकाऱ्याला एका चिलखताचा दंड, चूक 8 ते 16 ल्यांगांची असेल, तर एका ढालीचा. दंड ग्राहकाला किंवा दुकानदाराला नव्हे, वजने सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हान काळानंतर देश फुटला आणि कठीण दिवस आले. सारा धान्यात आणि कापडात वसूल होत असे. वसुली वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे माप मोठे करणे. उत्तरेकडील राजवटींनी तो सर्रास वापरला. स्वी राजघराण्याने देश पुन्हा एक केला, तेव्हा जुन्या तीन जिनांचा एक नवा जिन झाला होता. हा भार शेतकऱ्याने वाहिला. थांग राजवटीने मोठे वजन व्यवहारासाठी ठेवले आणि औषधे, ग्रहगणित व धर्मविधींसाठी जुने लहान वजन राखले. वैद्यांच्या मात्रा त्यामुळे बिघडल्या नाहीत. 621 मध्ये निघालेली काय्युआन नाणी दहा मिळून एक ल्यांग भरत. त्यातूनच नाणे हे ल्यांगाच्या दशांशाचे वजन झाले, आणि 24 झूंचा किचकट हिशेब मागे पडला.

सुंग काळात, 1004 ते 1007 च्या दरम्यान, खजिन्याचा अधिकारी ल्यू छंगक्वे याने मोठे काम केले. खजिन्यातील जुने काटे सदोष होते. दूरच्या जिल्ह्यांतून भरणा घेऊन आलेली माणसे वजन कमी भरल्याच्या आरोपाने नागवली जात. त्याने सोने-चांदी तोलणारा सूक्ष्म दांडीकाटा तयार केला. ल्यांगाच्या हजाराव्या भागापर्यंत तोलणारा हा काटा सराफांच्या आणि वैद्यांच्या हाती शतकानुशतके टिकला.

बाजारातला काटा कारागीर घडवत. एकच पारडे, सरकते वजन आणि दांडीवर ठोकलेल्या खुणांचे तारे. लोककथा सांगते की त्या सोळा ताऱ्यांपैकी सात उत्तरेच्या सप्तर्षींचे, सहा दक्षिणेच्या नक्षत्राचे आणि उरलेले तीन भाग्य, वैभव व आयुष्य यांचे. एक ल्यांग कमी तोलणारा भाग्याला मुकतो, दोन कमी तोलणारा वैभवाला, तीन कमी तोलणारा आयुष्याला. कायद्याची नजर पोहोचत नव्हती तिथे या कथेने पहारा दिला.

छिंग काळात ल्यांग मुख्यतः चांदीचा ल्यांग झाला आणि त्याच्या प्रादेशिक रूपांचा पसारा वाढला. सरकारी खजिन्याचा कुपिंग ल्यांग सुमारे 37.3 ग्रॅमचा, धान्यसाऱ्याचा त्साओपिंग सुमारे 36.6 ग्रॅमचा, जकातीचा हायक्वान सुमारे 37.7 ग्रॅमचा. शांघायचा, कँटनचा, तियांजिनचा ल्यांग वेगळा. जकात खात्यातील अधिकारी एच. बी. मोर्स यांनी नोंदवले आहे की एकट्या छुंगछिंगमध्ये व्यापारी कुठला आणि माल कोणता, यावरून ल्यांग बदलत असे. याला केवळ गोंधळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. शहरोशहरी चांदी पारखणारी कार्यालये होती; पारखी प्रत्येक लगडीवर वजन आणि शुद्धता शाईने लिहीत, आणि त्या अक्षरांवर बाजार चाले. मुंबईत खंडीने तोललेला कापूस कँटनला पोहोचला की शंभर कॅटींच्या पिकलने मोजला जाई आणि त्याचा भाव टेलमध्ये ठरे.

1858 च्या तियांजिन तहाला जोडलेल्या जकातीच्या नियमांत पिकल 133⅓ पौंडांचा ठरला. 1863 पासून रॉबर्ट हार्ट यांच्या हाताखालच्या जकात खात्याने हायक्वान टेल सर्व बंदरांत रुजवला. या टेलचे नाणे कधीच पडले नाही. तो फक्त हिशेबात होता. याच काळात ल्यांगाने देशाचा अपमानही मोजला: 1895 च्या शिमोनोसेकी तहाची भरपाई 20 कोटी कुपिंग ल्यांग, 1901 च्या तहाची 45 कोटी हायक्वान टेल.

1908 मध्ये कुपिंग ल्यांग 37.301 ग्रॅम ठरवण्यात आला आणि पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाकडून प्लॅटिनम-इरिडियमचे प्रमाण नमुने करवून घेण्यात आले. अंमलबजावणीआधीच राजवट गेली. प्रजासत्ताकात श्यू शानश्यांग आणि वू छंगल्वो यांनी मार्ग काढला. 1929 च्या कायद्याने दोन जिनांचा एक किलोग्रॅम झाला, ल्यांग मात्र सोळाच राहिले. 1933 मध्ये चांदीच्या ल्यांगात पैसा मोजणे बंद झाले आणि युआन आला. 1959 मध्ये जिनाचे दहा ल्यांग झाले, म्हणजे ल्यांग 50 ग्रॅमचा. भारतातही याच सुमारास रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले होते. चिनी औषधांना मात्र सोळाचा हिशेब वापरण्याची मुभा होती. मात्रा चुकली तर रोग्याच्या जिवावर बेतते. तेथे ग्रॅम 1 जानेवारी 1979 रोजी आले.

आज मुख्य भूमीवर कायद्याचे माप ग्रॅम-किलोग्रॅम असले, तरी भाजीबाजारात 500 ग्रॅमचा जिनच बोलला जातो. जपानी अमदानीचा वारसा असलेल्या तैवानचा जिन 600 ग्रॅमचा आहे. हाँगकाँगची कॅटी 604.78982 ग्रॅमची असून तिचे सोळा टेल कायम आहेत. सोन्याच्या व्यवहारात मात्र तेथे 37.429 ग्रॅमचा टेल चालतो. हाँगकाँगचा वजनमाप कायदा मेट्रिक आणि ब्रिटिश मापांच्या बरोबरीने कॅटी-टेललाही व्यापारात मान्यता देतो.