कारखान्याच्या खबरीचे कारभारी

१९३४ साली पुण्यात मराठा चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली, तेव्हा तिच्या कार्याची धुरा ज्यांनी खांद्यावर घेतली ते आ. रा. भट पेढीवरचे सावकार नव्हते आणि गिरणीचे धनीही नव्हते. व्यापारी व कारखानदार यांना एका सतरंजीवर बसवावे, त्यांची गाऱ्हाणी सरकारदरबारी साधार व संयत शब्दांत मांडावी, आणि सरकारचे कायदेकानू, परवाने व कर त्यांना त्यांच्याच भाषेत उलगडून सांगावे, या कामी भांडवलापेक्षा लेखणी अधिक उपयोगी पडते हे ओळखणाऱ्या पिढीतले ते गृहस्थ होते; आणि वृत्तपत्रसृष्टीत त्यांचा अधिकार एवढा मानला जाई की, १९५२ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, त्यात आचार्य नरेंद्र देव आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या पंक्तीस भटांचीही नेमणूक झाली. चेंबरचे ‘संपदा’ हे मराठी मासिक याच वृत्तीचे अपत्य होय. उद्योगाच्या जगात वार्ता पोहोचविणे हाच एक स्वतंत्र व्यवसाय आहे, ही जाणीव पुणे प्रांतात मोठ्या कारखान्यांच्याही आधी आली असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

कारण तिचा उगम खरे पाहता पुण्यातही नाही. तो औंध संस्थानातल्या एका उजाड माळावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, आणि तिथल्या नांगरांचा व चरकांचा गवगवा करण्याचे काम ज्या पुतण्याकडे आले त्या शंकररावांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. शंकररावांचा मूळ पिंड चित्रकाराचा, विद्याही चित्रकलेची. त्यामुळे विक्रीचे पत्रक काढतानाही पानाची ठेवण, चित्राची जागा आणि वाचकाच्या डोळ्यांचा विसावा यांचा विचार त्यांना टाळता येईना. आरंभी अडतिये, गिऱ्हाइके आणि वाडीतली माणसे एवढाच ज्याचा परिवार, असे हे पत्र कारखान्याच्या बातम्यांवर फार काळ तगले नाही. ते शेतकऱ्याच्या संसाराकडे, रूढींच्या चिकित्सेकडे, स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळले, यथावकाश ‘खबर’ हा शब्द टाकून नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याच्या मागोमाग आली. नांगराच्या जाहिरातीतून महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचे वाङ्मयीन मन घडावे, हा योग विलक्षण खरा. परंतु पुढे औद्योगिक संपादक म्हणून ज्यांनी ज्यांनी कारखान्यांत नोकरी पत्करली, त्यांना मनातल्या मनात शंकररावांशी स्वतःची तुलना करून खिन्न व्हावे लागले असेल, असे मला नेहमी वाटत आले आहे. शंकरराव घरचे होते. हे पगारी होते.

हे पगारी लोक जिथे मोठ्या संख्येने लागणार होते ती भूमी म्हणजे मुळा व पवना यांच्या काठची, मोरया गोसावींच्या समाधीमुळे भाविकांना आणि चाफेकर बंधूंमुळे देशभक्तांना ठाऊक असलेली चिंचवडची पंचक्रोशी. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व लवकरच तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आकुर्डीस बजाज, चिंचवडला गोळीबेअरिंगांचा स्वीडिश कारखाना, पिंपरीस सुमंत मूळगावकरांच्या देखरेखीखाली टाटांची टेल्को, अशी एकामागून एक धुराडी उभी राहिली. आणि ४ मार्च १९७० रोजी जी नगरपालिका जन्मली तिची १९८२ मध्ये महानगरपालिकाही झाली. बारा वर्षांत गावकीची महापालिका होते तेव्हा दवंडी आणि चावडी या दोन्ही संस्था कोणी मोडीत काढाव्या लागत नाहीत. त्या आपोआपच अपुऱ्या पडतात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरचा शेतकरी सकाळच्या पाळीला आत शिरे, सातारा-सोलापूरकडचा तरुण खोली भाड्याने घेऊन राही, आणि आपण जो भाग घासतो तो कोणत्या गाडीत बसतो हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसे.

या अज्ञानाचे निवारण करण्यासाठी गृहपत्रिका आली. तीत एक मौज अशी की, पिंपरीच्या औषधनिर्मितीच्या कारखान्याने १९५८ पासून ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे इंग्रजी शास्त्रीय नियतकालिक काढले, आणि डॉ. थिरुमलाचार यांच्या हाताखाली पिंपरीच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या हॅमायसिनसारख्या द्रव्यांची वार्ता दूरदूरच्या शास्त्रज्ञांपर्यंत गेली. पण कुंपणापलीकडे कासारवाडीत राहणाऱ्या कुटुंबाला आपला घरधनी दिवसभर काय करून येतो हे सांगणारा कागद हा सर्वस्वी निराळ्या जातीचा असावा लागतो, आणि तो लिहिणे शास्त्रीय निबंध लिहिण्यापेक्षा सोपे नसते. सुरक्षा सप्ताहातील घोषवाक्ये, खंडेनवमीची यंत्रपूजा, परदेशी पाहुण्यांचे हारतुरे, सूचनापेटीतून बक्षीस मिळविणाऱ्या कामगाराचे छायाचित्र, पंचवीस वर्षे सेवा केलेल्यांचा घड्याळ देऊन सत्कार, शालान्त परीक्षेत चमकलेली मुले, निवृत्ती आणि निधन: हा तिचा ठरीव मजकूर होता. साहित्याच्या समीक्षकांनी याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तथापि ज्या घरात छापील कागद म्हणून पंचांगाखेरीज दुसरे काही येत नव्हते, तिथे मुलीचे नाव गुणांसह छापून आलेला अंक पेटीच्या तळाशी जपून ठेवला जाई, आणि संचालकांचे नववर्षाचे शुभचिंतन असलेले त्याच अंकाचे पहिले पान मात्र कोणाच्याही स्मरणात राहत नसे.

संपादकाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. आस्थापना विभागात त्याचे टेबल, पण तो ना धड आस्थापना अधिकारी, ना धड लेखक. कामगार त्याला वरच्यांचा माणूस समजत, वरचे त्याला कामगारांत फार मिसळणारा समजत. आणि मजकुरावर शेवटचा शेरा ज्याचा, त्याला मराठी शुद्धलेखनापेक्षा आपले छायाचित्र कितव्या पानावर आले याची चिंता अधिक. हिशेबनिसाला हिशेबनीस भेटतो, फिटरला फिटर भेटतो. या मनुष्याला त्याच्या कारखान्यात दुसरा त्याच्यासारखा कोणी नसे. म्हणून तो शोधीत शोधीत छापखान्यात जाई. पुण्याच्या पेठांतील मुद्रणालयांत खिळे जुळत असता, ब्लॉक येण्याची वाट पाहत बाकावर बसलेले दोन कंपन्यांचे दोन संपादक एकमेकांची मुद्रिते चाळून पाहत, आणि धन्यांची चढाओढ बाजारात कितीही चालो, या दोघांत कागदाचा भाव, बऱ्या छायाचित्रकाराचा पत्ता आणि संचालकांना न दुखावता लेख कापण्याची युक्ती यांची देवघेव बिनदिक्कत होई. आज ज्याला मोठ्या हॉटेलांतून चहाफराळासह ‘नेटवर्किंग’ म्हणतात, त्याचे मूळ रूप हेच असावे, आणि ते अधिक निर्व्याज होते.

या एकट्या माणसांची रीतसर मंडळी मुंबईत १९५७ मध्ये स्थापन झाली. इंडियन असोसिएशन ऑफ इंडस्ट्रियल एडिटर्स हे तिचे प्रथम नाव. पुढे तिचेच असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया झाले. अमेरिकेत असेच घडले होते: तिकडच्या औद्योगिक संपादकांच्या १९३८ व १९४१ मध्ये निघालेल्या दोन संस्था १९७० मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनीही संपादक ही ओळख मागे टाकून व्यावसायिक संज्ञापकांची ओळख धारण केली. मुंबईच्या संस्थेमागोमाग १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी निघाली, आणि दिल्लीस २१ एप्रिल १९६८ रोजी जनसंपर्क व्यावसायिकांची पहिली अखिल भारतीय परिषद भरून तीत आचारसंहिता स्वीकारली गेली. तो दिवस अद्याप राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. पुण्यात १९६४ मध्ये विद्यापीठाचा वृत्तविद्येचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाल्यावर या धंद्याला शिकून आलेली माणसेही मिळू लागली.

मंडळीचे कार्य व्याख्याने, छापखान्यांना भेटी आणि मुख्यतः वार्षिक स्पर्धा यांतून चाले. इंग्रजी व देशी भाषांतील गृहपत्रिका, मुखपृष्ठ, छायाचित्र, विशेष लेख, दिनदर्शिका यांना पारितोषिके, आणि ती स्वीकारण्यासाठी वर्षातून एकदा मुंबईस जाणे, हा औद्योगिक संपादकाच्या आयुष्यातला सणच म्हणावयाचा. चिंचवडच्या थरमॅक्सची ‘फायरसाइड’ ही गृहपत्रिका या जगात नाव मिळविलेली. या पारितोषिकांनी संपादकाला त्याच्या स्वतःच्या कचेरीत प्रतिष्ठा दिली, हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवणे अवश्य आहे. परीक्षक संपादकाच्याच बिरादरीतले, चांगल्या कागदाचे व नेटक्या छपाईचे जाणकार. ज्याच्यासाठी अंक निघे त्या वाचकाला परीक्षकांच्या आसनावर जागा नव्हती. परिणामी कागद गुळगुळीत होत गेला, छपाई चौरंगी झाली, आणि कामगाराच्या पत्राला मिळणारी जागा आक्रसत गेली.

त्या वाचकाला खबर देणारा दुसरा एक व्यवसायबंधू प्रवेशद्वारापाशीच उभा होता, आणि त्याला कोणत्याही मंडळीने सदस्यत्व दिले नाही. युनियनचा खडूने लिहिलेला फळा, पाळी सुटताना भरणारी द्वारसभा आणि रात्रीत छापलेले पत्रक यांच्या तुलनेने गृहपत्रिकेची गती बैलगाडीची. ती महिन्याने येई, फळा रोज पुसला जाई. १९८८-८९ च्या टेल्को संघर्षात याचा पडताळा आला. कामगार पुढारी राजन नायर यांच्या मागे गेलेल्या कामगारांनी सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषण मांडले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना तेथून उठवून ताब्यात घेतले; पण त्या आधीचे अनेक महिने, ज्या कंपनीने आवारात वृक्षराजी लावली, तळे केले, कलासागरासारखे सांस्कृतिक मंडळ पोसले, तिच्या अधिकाऱ्यांना आपलीच माणसे काय बोलत आहेत हे उमगत नव्हते. कामगारांना आपण गृहीत धरले, अशा आशयाची कबुली रतन टाटांनी पुढे दिली. गृहपत्रिकेचा सर्व इतिहास वरून खाली उतरणाऱ्या शब्दाचा आहे. खालून वर चढणारा शब्द तिच्या जिन्यावर अडखळतो, हे संपादकांना आधीपासून ठाऊक होते, पण ते छापण्याची जागा अंकात नव्हती. माझ्या मते मंडळीने मुद्रणकलेवर जितकी व्याख्याने घडवून आणली, त्यांच्या निम्मी जरी या एका अडचणीवर घडवून आणली असती, तरी तिचे ऋण पिंपरीने अधिक मानले असते.

पुढचा प्रवास चाकणकडे होतो. १६६० च्या उन्हाळ्यानंतर संग्रामदुर्ग शायिस्तेखानाच्या तोफांपुढे सुमारे दोन महिने लढविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या या गावाला नंतरची तीनशे वर्षे कांद्याच्या बाजारापलीकडे कोणी विशेष विचारले नाही. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवागनचा आणि त्याच वर्षी पिंपरीच्या आवारातून निघून आलेला मर्सिडीज-बेंझचा, त्यांच्या मागून महिंद्रांचा, अशी येथील नवी तटबंदी आहे. संपादक आता कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सचा प्रमुख झाला, त्याचा वरिष्ठ कधी परदेशी राहतो, अंक पडद्यावर निघतो, आणि मंडळीच्या बैठकांत खिळे व ब्लॉक यांची जागा माध्यमनियोजनाने व संकटकाळातील संदेशवहनाने घेतली. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात एक रुपया दराने समभाग मिळावेत अशा मागणीसह सुमारे पन्नास दिवस संप चालला, तेव्हा दोन्ही पक्षांचे म्हणणे गावाला मुख्यत्वे वृत्तपत्रांतूनच कळत गेले.

आणि ज्या वाचकासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता त्याचीही जात पालटली. टेल्कोचा किंवा बजाजचा कायम कामगार तीस वर्षे एका हजेरीपटावर राही, त्यामुळे त्याच्या मुलीचे नाव छापण्याइतकी संपादकाला त्याची माहिती असे. चाकणच्या फाट्यावर पहाटे उतरणारा विदर्भ-मराठवाड्याचा किंवा बिहार-उत्तर प्रदेशचा तरुण ठेकेदाराच्या पटावर असतो, ठेकेदार बदलला की त्याचा गेटपास बदलतो, कधी कारखानाही बदलतो. आणि गृहपत्रिकेच्या वाटपाची यादी अद्यापही कायम कामगारांच्या हजेरीपटावरूनच तयार होते.