लेस्टरशायरमध्ये जेवायचं कुठे? एका परगण्याच्या ताटाचा इतिहास



आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं, सुना, भाचरं आज इंग्लंडात आहेत. तिकडे जायचं ठरलं की तिकीट आणि व्हिसाच्या आधी आपल्या मनात प्रश्न येतो तो जेवणाचा. घरी असलो तर काही अडत नाही, पण बाहेर पडल्यावर खायचं काय आणि कुठे? आज मी इंग्लंडच्या मध्यभागातल्या लेस्टरशायर या परगण्याबद्दल लिहिणार आहे. आपल्यासारख्यांना बाहेर जेवणं त्या देशात जिथे सोपं झालं, त्या ठिकाणांत लेस्टर शहराचं नाव वरचं आहे. ते आपोआप झालं नाही. त्यामागे इतिहास आहे.

मूळचा हा परगणा आपल्या ताटाचा मुळीच नव्हता. तिथल्या मेल्टन मोब्रे गावाची ख्याती डुकराच्या मांसाच्या पायसाठी. दुसरी ख्याती चीजची. रेड लेस्टर हे केशरी रंगाचं चीज तिथलंच. निळ्या रेषांचं स्टिल्टन चीज लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत करता येतं, असा नियम आहे. गंमत म्हणजे स्टिल्टन हे गाव या तिन्हींत नाही, त्यामुळे त्या गावात त्याच्याच नावाचं चीज करता येत नाही! पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी. पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. दिसायला दुधाचा पदार्थ, पण आपल्याला चालणारा नाही. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेली चीजही मिळतात. पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंय का, ते बघून घ्यायचं.

मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा पाया. यातल्या मद्याविरुद्ध याच परगण्यात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठी चळवळ झाली होती. प्रवासी कंपनीमुळे थॉमस कुक हे नाव आपल्याला माहीत आहे. ते मार्केट हारबरो या लेस्टरशायरमधल्याच गावात राहत होते आणि दारूबंदीचे कट्टर प्रचारक होते. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेलं, ते दारूबंदीच्या सभेसाठी. पुढे १८५३ मध्ये त्यांनी लेस्टरच्या ग्रॅनबी स्ट्रीटवर दारू न देणारं हॉटेल काढलं. त्या काळी बाहेर जेवायचं म्हणजे बहुधा दारूचा गुत्ताच. कुटुंबासह बसता येईल अशी स्वच्छ जागा ही तेव्हा नवलाई होती. ते हॉटेल सांभाळण्याचा भार त्यांच्या पत्नी मेरियन यांनी उचलला होता. नाव मात्र जगात थॉमस यांचं झालं!

वॉकर्स या बटाट्याच्या वेफर्सच्या कंपनीचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. मुळात ते लेस्टरमधलं मांसविक्रीचं दुकान. दुसऱ्या महायुद्धानंतर मांसाचं रेशनिंग चालूच होतं, दुकानात विकायला माल पुरेना. मग कामगारांच्या हाताला काम हवं म्हणून १९४८ मध्ये त्यांनी वेफर्स तळायला सुरुवात केली. खाटकाच्या दुकानातून बटाटा निघाला, तरी आपल्यातल्या कंदमूळ न खाणाऱ्यांच्या ताटात तो येत नाही तो नाहीच.

खरा बदल घडला तो १९७२ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकानं, घरं, पेढ्या सगळं मागे टाकून लोक निघाले. त्यांतले सुमारे २७,००० ब्रिटनमध्ये आले. त्यात गुजराती मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यात जैनही होते. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने अपुरे आहेत, तुम्ही लेस्टरला येऊ नका. लोक तरीही आले, कारण नातेवाईक आधीच तिथे होते आणि मोजे-कापडाच्या व बुटांच्या कारखान्यांत काम होतं.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे अशा ठिकाणी माझं लक्ष आधी जमाखर्चाकडे जातं. या लोकांकडे भांडवल काय होतं? पैसा तर तिकडेच राहिला. बरोबर आली ती व्यापाराची सवय, एकमेकांची पत आणि घरातल्या बायकांच्या हातची चव. बेलग्रेव्ह रोडवर दुकानं उघडत गेली. साड्यांची, सोन्याची, किराण्याची, आणि मिठाई-फरसाणाची. १९७६ मध्ये तिथे ‘बॉबीज’ हे शाकाहारी गुजराती उपाहारगृह सुरू झालं. नाव राज कपूरच्या सिनेमावरून! त्या रस्त्याला आता ‘गोल्डन माईल’ म्हणतात. १९८३ पासून तिथे दिवाळीची रोषणाई होते आणि ज्या नगरपालिकेने ‘येऊ नका’ म्हटलं होतं, तेच शहर आज त्या दिवाळीचा अभिमान बाळगतं. अशा घरगुती धंद्यांत पहाटे उठून पीठ भिजवणाऱ्या, पुऱ्या लाटणाऱ्या बाईच्या कष्टाची नोंद कुठल्याच खातेवहीत नसते. मला विचाराल तर खरं भांडवल तेच.

पोट भरलं, आता देवाचं. शहरातल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जुनं चर्च होतं. समाजाने ती वास्तू घेतली आणि डॉ. नटुभाई शाह यांच्या पुढाकाराने तिथे जैन सेंटर उभं केलं. १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. बाहेरून पांढरा संगमरवर, आत भारतीय कारागिरांनी घडवलेले कोरीव खांब. मूलनायक सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवान. विशेष हे, की श्वेतांबर देरासर, आपलं दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर अशी सगळी एका छताखाली आहेत. इथे आपण पंथावरून किती वाद घालतो! परदेशात जागा कमी आणि माणसं मोजकी, म्हणून सगळे शेजारी बसायला शिकले.

आता व्यवहाराचं. गोल्डन माईलवर शाकाहारी जेवण मिळतं म्हणजे ते जैन जेवण असतंच असं नाही. ऑर्डर देतानाच ‘जैन’ असं स्पष्ट सांगा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, हे एकेक नाव घेऊन सांगा. उंधियूत सुरण, रताळं, कंद असतातच, तो टाळा. खांडवी, ढोकळा, दाळ-भात मागता येतो, पण वाटणात आलं-लसूण आहे का ते विचारा. केक आणि बिस्किटांत अंडं असू शकतं. इंग्रजी दुकानातले चिप्स काही ठिकाणी प्राण्यांच्या चरबीत तळतात, म्हणून तेल कोणतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि सूर्यास्ताचं विसरू नका. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो, तर डिसेंबरमध्ये चारच्या आत. हिवाळ्यात रात्रिभोजन त्याग पाळायचा तर दुपारचं जेवण हेच बाहेरचं जेवण धरा आणि चारच्या आत हात धुवा. नोकरी करणाऱ्या मुलांना हे रोज जमत नाही, त्यांना रागावू नका. सुट्टीच्या दिवशी का होईना, पाळू द्या.

नव्वद दिवसांत सगळं सोडावं लागलेल्या माणसांनी ताटातला नियम मात्र सोडला नाही, म्हणून आज आपल्या मुलांना तिथे ‘जैन मिळेल का?’ असं विचारता येतं आणि समोरच्याला तो शब्द कळतो. तुमच्यापैकी कुणी लेस्टरला जाणार असेल, तर गोल्डन माईलवर जेवताना त्यांची आठवण जरूर काढा.

जय जिनेंद्र!